कापूसकोंड्याची गोष्ट आणि अण्णांचा रविवार

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे सगळे बॅगा आवरून लिफ्टपाशी उभे असताना, आमचा एक सर्व्हर लटकला. सीपीयू शंभर टक्के, काम शून्य. टीममधे नवीन आलेल्या पोराने एक रिट्रायचा कोड लिहिला होता, समोरून उत्तर आलं नाही तर परत विचार, तरी नाही आलं तर परत विचार, पाच वेळा विचारून झालं की सोडून दे. मोजायला व्हेरिएबल पण ठेवला होता बिचाऱ्याने, फक्त तो वाढवायची ओळ लिहायला विसरला. काउंटर आपला शून्य तो शून्यच. प्रोसेस मारली, ओळ टाकली, परत टेस्ट केलं, तोवर साडेसात, मग खाली टपरीवर चहा.

तिथे तो विचारतो, मॅडम, माणसाचं डोकं असं अडकू शकतं का हो? म्हणजे खरंच, कायमचं? बाकीच्यांनी लगेच आपापल्या सासवा आणि मॅनेजर काढले, खूप हशा झाला. मी पण हसले पण उत्तर दिलं नाही, कारण मी असं डोकं पाहिलंय, शेजारी बसून, पाच तास. ते कटिंग संपेपर्यंत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून इथे लिहितेय.

पण आधी कापूसकोंडा. ज्यांना लहानपणी कुणी छळलं नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगते.

"कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?"
"सांग."
"सांग काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?"
"नको."
"नको काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?"
"अण्णा!"
"अण्णा काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?"

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, यातले वस्ताद. गप्प बसलं तर "गप्प काय बसतेस", रडलं तर "रडतेस काय". काहीही टाका, तो लूप, म्हणजे तेच ते फिरत राहणारं चक्र, ते गिळतो आणि पहिल्या ओळीवर येतो. आज प्रोग्रामर म्हणून बघते तेव्हा कौतुक वाटतं, इनपुट घेतो, वापरतो सुद्धा, पण बाहेर पडायची अटच नाही. मराठी पोरांना व्हाइल ट्रू, म्हणजे कधीच न थांबणारा लूप, शिकवायला वेगळा क्लास कशाला लागतो कळत नाही.

आता गंमत अशी की हा लूप कागदावर अनंत आहे, पण माझ्या आठवणीत तो दहा-बारा फेऱ्यांच्या पुढे कधी गेला नाही. मला रडू यायचं, माझा चुलतभाऊ चप्पल फेकायचा, नाहीतर अण्णांनाच कंटाळा यायचा आणि ते पेपर उघडायचे. कंटाळा ही भारी सोय आहे, तिला आपण उगाच नावं ठेवतो. आमच्याकडे छोट्या मशीनमधे वॉचडॉग टायमर असतो, मेन प्रोग्रामने त्याला ठरावीक वेळात "मी जागा आहे" असं सांगत राहायचं, नाही सांगितलं तर तो सरळ सगळं रीसेट करतो. १९९७ साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान अधूनमधून आपलं आपण रीसेट होत होतं ते याच कुत्र्यामुळे, महत्त्वाचं काम एका फालतू कामापायी खोळंबून राहायचं आणि कुत्रा भुंकायचा, मग इंजिनिअर लोकांनी पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवली. माणसात हा कुत्रा म्हणजे कंटाळा. शिवाय भूक, झोप, लघवी, शेजारणीची बेल.

आणि खालच्या पातळीवर पण तेच आहे. "चमचा" हा शब्द पन्नास वेळा मोठ्याने म्हणून बघा. तिसाच्या आसपास तो चमचा राहत नाही, नुसता आवाज उरतो, च आणि म आणि चा, कुठल्यातरी परक्या भाषेतला. एकच गोष्ट परत परत केली की मेंदू तिला दाद देणं कमी करतो. सुमारे ८६०० कोटी न्यूरॉन, प्रत्येक फेरीला थोडे दमलेले, थोडे बदललेले, म्हणजे दुसऱ्या वेळचा "चमचा" पहिल्या वेळच्या डोक्यात पडतच नाही. कॉम्प्युटरचं असं नाही, तो लाखाव्या फेरीला पण पहिल्या फेरीइतकाच ताजा. हा त्याचा मोठेपणा की दुर्दैव ते तुम्ही ठरवा.

मुंग्यांना मात्र ही सोय नाही बहुतेक. विल्यम बीब नावाच्या निसर्ग अभ्यासकाला १९२१ च्या सुमारास गयानाच्या जंगलात लष्करी मुंग्यांचं एक रिंगण दिसलं होतं, साधारण १२०० फूट घेराचं, एका मुंगीला एक फेरी मारायला अडीच तास लागत होते, आणि हे दोन दिवस चालू होतं. पुढचीच्या वासामागे जायचं एवढाच नियम, आणि पुढची फिरून तुमच्याच मागे आलेली. बहुतेक सगळ्या चालत चालत मेल्या. आमच्या हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगबद्दल मी इथे काही बोलत नाही.

तर लूप अनंत व्हायला फिरत राहणं पुरत नाही, फिरताना काहीच न बदलणं लागतं. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे झून. मायक्रोसॉफ्टचा गाणी ऐकायचा प्लेअर होता, ३१ डिसेंबर २००८ ला जगभरातले ३० जीबीवाले झून सकाळी एकदम गोठले. २००८ लीप वर्ष, तो वर्षाचा ३६६ वा दिवस. आतला कोड काय करायचा, की दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत का, आहेत, मग लीप वर्ष आहे का, आहे, मग दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का, नाहीत, बरं मग काही वजा नको करायला. आणि परत वर, दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत का, आहेत. येरे माझ्या मागल्या. आणि उपाय काय सांगितला माहितीये? बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि उद्या दुपारनंतर चालू करा. उद्या म्हणजे १ जानेवारी, आपोआप सुटेल. आमची आजी कुठल्याही भांडणावर हेच सांगायची, झोपा आता, सकाळी बघू.

अण्णांचं बरंचसं झूनसारखंच झालं.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर, रविवार. मी शनिवारी रात्री गावी पोचले होते, सातारा जिल्ह्यात आमचं गाव. अण्णा तेव्हा ६४ चे. सकाळी साडेनऊला मळ्यातल्या विहिरीत पोहायला गेले, दर रविवारी जायचे, थंडी असो काही असो. दहाला परत आले, खांद्यावर टॉवेल, ओट्यावर बसले आणि मला म्हणाले,

"अगं, आज वार कोणता?"
"रविवार."
"मग तू पुण्याहून कधी आलीस?"
"काल रात्री, अण्णा. आपण सोबत जेवलो की."
"हे केस कसे ओले माझे?"
"विहिरीवर नव्हतात का गेलात?"
"या थंडीत? म्हातारा येडा झाला म्हणायचं!"

आणि मांडीवर थाप मारून हसले. मी पण हसले. मग ते अंगणातल्या शेवग्याकडे बघत बसले, वीसेक सेकंद, आणि वळून म्हणाले, "अगं, आज वार कोणता?"

मला वाटलं कापूसकोंडा. खरंच वाटलं, की आज खूप वर्षांनी अण्णांना लहर आली. मी म्हटलं, पुरे हां. ते गोंधळून बघायला लागले. "पुरे काय? वार विचारतोय." तिसऱ्या फेरीला, तीच मांडीवरची थाप, तेच "म्हातारा येडा झाला", हसण्याची लांबी सुद्धा तीच, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आईला हाक मारली. हात वर करायला लावले, दोन्ही नीट वर गेले. हसायला लावलं, तोंड वाकडं नाही. माझं नाव, आईचं नाव, गल्लीतल्या कुत्र्याचं नाव, सगळं बरोबर. पण दहा दिवसांपूर्वी झालेलं चुलतबहिणीचं लग्न गायब, "तिचं जमलं का? कुठे?" असं आनंदाने विचारलं, आणि दीड मिनिटाने परत तितक्याच आनंदाने.

गाडी काढली. साताऱ्याला पाऊण तास. मागच्या सीटवर मी आणि अण्णा, पुढे आई, चालवायला शेजारचा मुलगा. त्या पाऊण तासात मी एकतीस फेऱ्या मोजल्या. का मोजल्या सांगता येत नाही, भीती वाटली की मी मोजते. आणि एक गोष्ट केली जी मी आईला अजून सांगितलेली नाही. कुठल्यातरी फेरीला मी "रविवार" ऐवजी "मंगळवार" म्हटलं.

"मग ऑफिसला नाही गेलीस?"

नवी ओळ! मला इतकं हायसं वाटलं की सुटला. पुढच्या फेरीला मी परत रविवार म्हटलं, परत "पुण्याहून कधी आलीस". मग मंगळवार. "मग ऑफिसला नाही गेलीस?" तोच सूर, तीच भुवई. इनपुट तेच तर आउटपुट तेच, अक्षरशः. माझ्या बापाला मी टेस्ट केस देत होते. लाज वाटली आणि थांबले, पण डोक्यात ते कोरलं गेलं ते गेलंच.

अजून एक बघितलं. वाढे फाट्याच्या आसपास अण्णांचे केस वाळले. आणि त्या फेरीपासून "केस कसे ओले" हा प्रश्न गळाला! त्याजागी, "हा स्वेटर कुणाचा घातलाय मी?" आला, कारण निघताना घाईत आईने त्यांना भावाचा स्वेटर चढवला होता. म्हणजे बघा, माणूस पूर्ण हजर होता. डोळ्यांनी बघत होता, हाताला लागेल ते तपासत होता, त्यावरून तर्क करत होता, विनोद करत होता, आणि तर्क अगदी बरोबर होते, अडलं होतं फक्त लिहून ठेवणं. प्रत्येक फेरीचं उत्तर दीड मिनिटात पुसलं जात होतं आणि पुढचा अण्णा पाटी कोरी घेऊन, तीच गाडी, तीच मुलगी, तोच स्वेटर बघून, साहजिकच तोच पहिला प्रश्न विचारत होता. तुम्ही मी कोणीही अचानक असे जागे झालो तर पहिलं काय विचारणार? आज वार कोणता. त्या पोराच्या कोडमधला काउंटर, शून्य तो शून्यच.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, भले वाटले. बीपी, शुगर, सीटी स्कॅन, हातपाय, डोळे सगळं तपासलं आणि म्हणाले स्ट्रोक दिसत नाही, बहुतेक ट्रान्झियंट ग्लोबल अ‍ॅम्नेशिया आहे, म्हणजे काही वेळापुरती आठवण जाणं, चोवीस तासांच्या आत सुटतं, बहुतेक वेळा काही तासांतच, थांबा. साधारण पन्नाशी ते सत्तरीतल्या माणसांना होतं, गार पाण्यात एकदम उतरणं, जड मेहनत, मनाला बसलेला धक्का असं काही आधी घडलेलं असतं पुष्कळदा. नक्की का होतं ते अजून कुणाला पक्कं सांगता आलेलं नाही. मेंदूत हिपोकॅम्पस म्हणून भाग आहे, नवीन आठवण नोंदवून घेणारा, तो तेवढा वेळ काम थांबवतो. एक-दोन दिवसांनी एमआरआय काढला तर कधीकधी तिथे बारीकसा ठिपका दिसतो, तोही नंतर जातो. (कुणाच्या घरी असं काही झालं तर हा ब्लॉग आठवून घरी बसू नका, स्ट्रोक नाही हे डॉक्टरांनीच सांगायचं असतं. पळा.)

मग वाट बघणं. आईने पिशवीतून जपमाळ काढली. मी अण्णांच्या उशाशी उत्तरं देत, आई स्टुलावर डोळे मिटून. जपमाळेत १०८ मणी, आणि एक मेरुमणी, तो ओलांडायचा नाही, तिथे आलं की माळ फिरवून उलटं निघायचं. मी आयुष्यभर बघत आले तिला जप करताना पण त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं की माणसांनी हे किती विचार करून बनवलंय, तेच ते नाव परत परत घ्यायचं पण बोटाला कळत राहिलं पाहिजे की आपण कुठे आहोत. त्या खोलीत चालू असलेल्या दोन लूपांपैकी एकाला मणी होते.

पावणेतीनच्या सुमारास अण्णा म्हणाले, "आज वार कोणता?" मी म्हटलं, "रविवार." आणि ते थांबले. शेवग्याकडे बघायचे तसं पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हे मी मघाशी विचारलं का गं?"

आईची माळ थांबली. सतरावी चालू होती म्हणे.

त्यानंतर पण दहा-बारा वेळा विचारलं त्यांनी, पण "मघाशी विचारलं असेल मी, तरी" असं म्हणून. रात्री आठला सगळं आलं, बहिणीचं लग्न सुद्धा आलं, जिलबी कमी पडली होती ते पण. फक्त ते पाच तास आले नाहीत. विहिरीच्या पायऱ्या आणि मग एकदम दवाखान्यातला पंखा, मधे काही नाही. ते पाच तास जगात फक्त माझ्याकडे आणि आईकडे आहेत.

नंतर मी यावर भसाभसा वाचलं. क्लाइव्ह वेअरिंग नावाचे ब्रिटिश संगीतकार, १९८५ ला त्यांच्या मेंदूला विषाणूची सूज आली आणि त्यांचा लूप सुटलाच नाही. ते डायरी लिहायचे, वेळ टाकून, आत्ता मी पहिल्यांदा खरा जागा झालो. मग काही मिनिटांनी आधीची ओळ खोडून परत तेच, आत्ता खरा. पानंच्या पानं. पियानो मात्र वाजवता यायचा, आणि बायको खोलीत आली की दर वेळी जन्मांतरी भेटल्यासारखा आनंद. मी ते वाचून लॅपटॉप मिटला आणि घरी फोन लावला, उगाचच.

सोमवारी ऑफिसात त्या पोराला थोडक्यात हे सांगितलं तर तो म्हणतो पण मॅडम ते आजारात, नॉर्मल माणूस पण अडकतोच ना, मी ब्रेकअपनंतर चार महिने एकच विचार करत होतो. बरोबर आहे. पण मला तो वेगळा प्रकार वाटतो. रात्री दोन वाजता "मी तेव्हा असं बोलायला नको होतं" सुरू होतं ना, त्याची दुसरी फेरी पहिलीसारखी नसते, तिला पहिली आठवत असते. आधी चूक आठवते, मग आपण अजून तीच उगाळतोय याची लाज, मग लाज वाटतेय याचा राग. हे रिकर्शन आहे, फंक्शन स्वतःलाच बोलावतंय आणि स्टॅक, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामांची चळत, वाढत चाललाय. झून निदान जागच्या जागी उभा होता, हे रोज एक मजला चढतं. सुझन नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मधे स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना असे प्रश्न विचारून ठेवले होते, मन खट्टू झालं की तुम्ही काय करता वगैरे, आणि दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, तिथे मोठा भूकंप झाला, योगायोग. त्यांनी परत जाऊन बघितलं, तर आधीपासून उगाळत बसायची सवय असलेल्यांना नंतर जास्त खिन्नता आली होती.

आणि विचार करू नको म्हणून तो थांबत नाही हे तर आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक, औषध घेताना माकड आठवायचं नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मधे हेच पांढऱ्या अस्वलावर करून दाखवलं, पाच मिनिटं अस्वल आठवू नका, आठवलं तर घंटी वाजवा, आणि घंट्या वाजत राहिल्या. माझं माकड म्हणजे कुलूप. लावलं का, लावलं, ओढून बघितलं का, बघितलं, नीट बघितलं का. म्हणून मी कुलपाचा फोटो काढायला लागले, रिक्षात बसल्यावर बघायचा. आता माझ्या गॅलरीत कुलपाचे चारशेच्या वर फोटो आहेत आणि परवा रिक्षात मला वाटलं, हा फोटो आजचा की कालचा? (हे ज्यांना दिवसाचे तास न् तास छळतं त्यांची गोष्ट वेगळी, तो आजार आहे, त्याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात, माझ्यासारखे चाळे करू नका.)

तो पोरगा ऐकेना. म्हणाला, तरी माणसाला कळतं ना की आपण अडकलोय, मशीनला नाही कळत. म्हटलं बाबा रे, ट्युरिंग नावाच्या गणितज्ञाने १९३६ मधे दाखवलंय की कुठलाही प्रोग्राम थांबेल की नाही हे सांगणारा एक सर्वज्ञ प्रोग्राम लिहिताच येत नाही, मान्य, पण तुला तरी कुठे येतं सांगायला? आकडा सम असेल तर अर्धा कर, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळव, एकावर पोचलास की थांब. २७ पासून सुरू कर. त्याने पैजेवर कागद घेतला. १११ पायऱ्या आहेत, मधे ९२३२ पर्यंत चढतं. प्रत्येक आकडा शेवटी एकावर येतोच का, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. चाळिसाव्या पायरीला त्याने कागद चुरगळला. कंटाळा, बघा!

आणि अण्णांना तर कळतच नव्हतं. डोकं शाबूत, बुद्धी शाबूत, विनोदबुद्धी तर फारच शाबूत. दर फेरीला त्यांच्या दृष्टीने ते पहिल्यांदाच विचारत होते आणि पहिल्यांदाच हसत होते, अडकल्यासारखं वाटायला सुद्धा मागची फेरी आठवावी लागते. त्रास सगळा आम्हाला झाला.

आता ठणठणीत आहेत. विहीर आईने बंद केली, म्हणजे हिवाळ्यापुरती. मी गावी गेले की संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना ते हळूच विचारतात,

"त्या दिवशी किती वेळा वार विचारला गं मी?"
"साताऱ्यापर्यंत एकतीस. पुढे मोजले नाहीत."
"आणि तो म्हाताऱ्याचा विनोद?"
"दर वेळी."
"तू हसलीस का पण?"
"दोनदा."

या दिवाळीत मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, हे तुम्ही मागच्या वेळी पण विचारलं होतंत."

"माहितीये," म्हणाले. "ही सातवी वेळ. मी मोजतोय."